नाव बदललं, मजकूर तोच

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळातल्या एका कुटुंबावर अवघड प्रसंग आला. भारतातून मुलाकडे राहायला आलेले वडील अचानक गेले. फ्युनरल होमने दुसऱ्याच दिवसाची वेळ दिली. सोबत आई होती, तिला समजेल असं मराठीतून बोलणारे गुरुजी हवे होते. मुलाने रात्री अकरा वाजता आपल्या वेबसाइटवरची डिरेक्टरी उघडली. 'गुरुजी' या सदरात चार नावं होती आणि चारही पानांवर एकच मजकूर होता: 'आपल्या भागात सर्व प्रकारच्या सेवा माफक दरात. अधिक माहितीसाठी संपर्क साधा.'

त्याने वरून सुरुवात केली. पहिले गुरुजी फक्त सत्यनारायण आणि वास्तुशांत करतात. दुसरे भारतात गेले होते. तिसऱ्यांना एवढ्या लांब येणं शक्य नव्हतं. चौथ्यांनी फोन उचलला आणि सकाळी ते आले. हे चौथे गुरुजी अनेक वर्षं अंत्यविधी करतात, आधी आईला मराठीत आणि मग नातवंडांना इंग्रजीत प्रत्येक विधीचा अर्थ सांगतात. आमच्या पानावर यातलं एक अक्षरही नव्हतं. ते पान मी भरलं होतं, म्हणून हा लेख मीच लिहायला हवा.

हे घडलं कसं, ते सांगतो. आपली वेबसाइट वर्डप्रेसवर आहे आणि तिला डिरेक्टरीचं एक प्लगइन जोडलेलं आहे. त्यात नाव, फोन, गाव, सदर आणि वर्णन असे रकाने असतात. आम्ही जुन्या एक्सेल शीटमधून सगळी नावं एका संध्याकाळी आत ओतली. वर्णनाचा रकाना बहुतेकांचा रिकामा होता, म्हणून तिथे एक ठरावीक वाक्य टाकून दिलं. केटरर, सीपीए, तबल्याचे क्लास, गुरुजी, सगळ्यांना तेच वाक्य.

पुढचं काम प्लगइनने केलं. ते प्रत्येक नोंदीचं एक पान तयार करतं, प्रत्येक सदराचं करतं, प्रत्येक गावाचं करतं आणि सदर व गाव मिळून आणखी एक. 'एडिसनमधले केटरर', 'प्लेन्सबरोमधले केटरर', 'ब्रिजवॉटरमधले केटरर'... गावाचं नाव बदलतं, खालचा मजकूर तोच. पानं वाढत गेली आणि आम्हाला वाटलं, वा, वेबसाइट किती मोठी झाली!

आता सर्च इंजिनचं. एकच मजकूर दोनदा दिसला की गूगल शिक्षा करतं, अशी समजूत आहे. तसं नसतं. सारखी पानं दिसली की गूगल त्यातलं एक प्रतिनिधी म्हणून निवडतं आणि बाकीची सहसा दाखवत नाही. मुद्दाम फसवायला केलेल्या पानांची गोष्ट वेगळी. फक्त गावाचं नाव बदलून, लोकांना ओढण्यासाठी ढिगाने काढलेली पानं मात्र त्यांच्या नियमांत बसत नाहीत. आपला हेतू तसा नव्हता, पण आपली पानं दिसत तशीच होती. शिवाय कुठलं पान ठेवायचं हे आपण सांगितलं नाही, तर ते गूगल ठरवतं. मग ब्रिजवॉटरच्या माणसाला एडिसनचं पान मिळतं आणि चौथे गुरुजी कुणालाच सापडत नाहीत.

यातला तांत्रिक भाग सोपा आहे आणि तो समितीने करावा. एका नोंदीचा पूर्ण मजकूर फक्त तिच्या स्वतःच्या पानावर ठेवायचा. सदराच्या आणि गावाच्या यादीत नाव आणि दोन ओळी पुरेत. ज्या गावात एकच नोंद आहे किंवा एकही नाही, ती पानं सर्च इंजिनने घेऊ नयेत अशी खूण करायची. एकच पान दोन-तीन पत्त्यांवर उघडत असेल, तर मूळ पत्ता कोणता ते 'कॅनॉनिकल' या खुणेने सांगायचं. ही खूण गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने 2009 साली मिळून स्वीकारली, तेव्हा त्यात नवीन काही नाही. दोन शनिवार दिले की हे काम संपतं.

पण मूळ दुखणं तिथे नाही. रिकामा रकाना प्लगइन भरू शकत नाही, आणि आपण तो भरला नाही तर कितीही खुणा केल्या तरी पान पोकळच राहणार. यावर एक सूचना आली की एआयकडून प्रत्येकासाठी वेगळं वर्णन लिहून घ्यावं. मी करून पाहिलं. वाक्यं वेगळी झाली, माहिती तीच राहिली. 'माफक दरात' च्या जागी 'परवडणाऱ्या किमतीत' आलं. चौथे गुरुजी अंत्यविधी करतात हे यंत्राला कुठून कळणार? ते त्यांना फोन केल्यावरच कळतं.

दुसरी सूचना मला जास्त खटकली. मराठी पानं काढून टाकू, म्हणजे मजकुराची पुनरुक्ती आपोआप कमी होईल, असं काही जणांचं म्हणणं आहे. हा सरळ गैरसमज आहे. नीट केलेलं भाषांतर ही नक्कल धरली जात नाही. हे पान मराठीत आहे आणि त्याचं इंग्रजी जोडपान अमुक, असं सांगायची वेगळी खूणही आहे. नक्कल तेव्हा होते, जेव्हा मथळे आणि बटणं तेवढी मराठी होतात आणि खालचा मजकूर इंग्रजीच राहतो. आपली 'मराठी' पानं पाहा, ती नेमकी तशीच आहेत. तेव्हा मराठी काढायचं नाही, मराठी लिहायचं आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा. संक्रांतीपर्यंत प्रत्येक नोंदीला एक फोन करायचा आणि पाच प्रश्न विचारायचे. नक्की काय करता? काय करत नाही? किती लांबपर्यंत जाता? किती दिवस आधी कळवावं? कुठल्या भाषेत बोलता? उत्तरं आली की वर्णन आपोआप वेगळं होतं. एक काकू चकलीची भाजणी घरी भाजतात आणि दिवाळीच्या ऑर्डरी दसऱ्यानंतर घेत नाहीत. एक सीपीए भारतातल्या घरभाड्याचा हिशोब इथल्या टॅक्समध्ये कसा दाखवायचा ते समजावतात. ही वाक्यं दुसऱ्या कुणाच्या पानावर बसणारच नाहीत.

मराठी मजकूर काका-काकूंनी लिहावा, इंग्रजी आपल्या कॉलेजातल्या मुलांनी. मुलांनी शब्दाला शब्द ठेवू नये. इथे वाढलेल्या मुलीला लग्नासाठी गुरुजी शोधताना जे प्रश्न पडतील, ते तिच्या आईला पडणार नाहीत. दोघींना आपापली उत्तरं मिळू देत.

वेळ कुणाला आहे, असं विचाराल. एका फोनला दहा मिनिटं लागतात. त्या रात्री त्या मुलाने चार फोन केले आणि प्रत्येक वेळी तीच वाईट बातमी नव्याने सांगितली. आपण आधी एक फोन केला असता, तर त्याचे तीन वाचले असते.

चौथ्या गुरुजींचं पान मी आता पुन्हा लिहिलं आहे. सहा ओळी मराठीत, सहा इंग्रजीत. बाकीच्या पानांसाठी माणसं हवी आहेत. मंडळाच्या पुढच्या बैठकीला या, येताना फोन चार्ज करून आणा.