‘मॅकेन्झी’: लेकीच्या नावातला मुलगा

नाव ठेवणे निराळे आणि नावे ठेवणे निराळे, हे भान राखूनच ‘मॅकेन्झी’ या नावाविषयी लिहिले पाहिजे. हे मूळचे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखातील एका कुळाचे आडनाव. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेत ते मुलींचे पहिले नाव म्हणून रूढ झाले. नावांच्या पुस्तिका त्याचा अर्थ ‘देखणा’ असा देऊन मोकळ्या होतात. हा अर्थ अर्धाच आहे.

गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे मुलगा. पुढचा भाग म्हणजे एक पुरुषनाम, ज्याचा इंग्रजी अवतार ‘केनेथ’. देखणेपणा आहे तो या पुरुषनामात. पूर्ण नावाचा अर्थ ‘केनेथचा मुलगा’. गेलिक बोलणारी स्त्री हे आडनाव लावते तेव्हा ‘मॅक’च्या जागी ‘निक’ येते. त्यातला ‘झ’ही मूळचा नव्हे. जुन्या स्कॉट्स लेखनात ‘य’च्या जवळच्या उच्चारासाठी ‘योख’ नावाचे अक्षर होते. छापखान्यात त्याचा खिळा नसे, म्हणून दिसायला जवळचे ‘झेड’ वापरले गेले आणि पुढे लोक छापील अक्षराप्रमाणे उच्चार करू लागले. आज ज्या नादावर आईबाप लुब्ध होतात, तो असा खिळ्यांच्या टंचाईतून आलेला आहे.

मग मुलीला हे नाव ठेवणे चूक आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही. नाव शब्दकोशाने नव्हे, वापराने घडते. मराठीत ‘किरण’ हा शब्द पुल्लिंगी, तरी या नावाच्या मुली आपल्याकडे विपुल आहेत. नादासाठी नाव निवडले तर तसे मोकळेपणी म्हणावे.

आमचा आक्षेप आहे तो सोयीस्कर अर्थ चिकटवण्याला. २०२२च्या जनगणनेनुसार स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलू शकणारे सुमारे ७० हजारच आहेत. नाव जगभर पोहोचते आणि ज्या भाषेत त्याला अर्थ आहे ती मागे राहते. ‘देखणा’ एवढेच सांगणारी पुस्तिका या भाषेला आणखी थोडे पुसते. मॅकेन्झी नावाची मुलगी उद्या आपल्या नावाचा अर्थ विचारील, तेव्हा तिला ‘मॅक’, ‘निक’ आणि हरवलेले ‘योख’ यांची हकीकत सांगावी. खोट्या गोड अर्थापेक्षा ती तिला अधिक आवडेल, असा आमचा विश्वास आहे.