पाणी मोजतो, वाडी मोजत नाही

आपल्या पुण्याच्या नळाला येणारे पुष्कळसे पाणी आधी वेल्हे तालुक्याच्या डोंगरांवर पडते. या तालुक्याला ‘राजगड’ नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. राजगड, तोरणा, पानशेत, वरसगाव ही सारी इथलीच. माणसे मात्र २०११ च्या जनगणनेत सुमारे ५४ हजार. म्हणजे पुण्यातल्या चार नगरसेवकांच्या सरासरी प्रभागाहूनही कमी.

१ मे १९६२ पासून आपल्याकडे ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद असा तीन पायऱ्यांचा कारभार आहे. पण त्यातल्या जागा डोकी मोजून ठरतात. धरणापलीकडची वाडी, घाटातला चढ, पावसाळ्यात बंद पडणारी वाट यांना मत नसते. त्यातच मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ जिल्हा परिषद प्रशासकाच्या हाती राहिली. वाडीने गाऱ्हाणे सांगायचे कुणाला?

जन्मभर बँकेत जमा-नावे जुळवणाऱ्याला हा हिशेब खटकतो. निधी वाटताना डोक्यांबरोबर अंतर, चढ आणि पाऊसही मोजावा. आणि पुण्याच्या पाणीपट्टीतला थोडा वाटा पाणी धरणाऱ्या गावांना मिळावा. ते उपकार नव्हेत, देणे आहे.