विजेच्या जिल्ह्यातल्या पाट्या भंगारात का?

मंडळी, विषय जरा वेगळा आहे, पण आपल्या पालघर-बोईसरचा आहे.

देशातली पहिली अणुवीज १९६९ साली तारापूरला तयार झाली. त्या केंद्रात कुणालाही सहज आत जाता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मग आपल्या पोरांनी विजेची गोष्ट बघायची कुठं? जी वीज रस्त्यावर दिसायची, तिच्या खुणा तर आपण किलोवर विकतोय.

जुनी निऑनची पाटी आठवा. काचेची नळी आचेवर वाकवून एकेक अक्षर हाताने घडवायचं, आतली हवा काढून गॅस भरायचा, मग हजारो व्होल्ट सोडायचे. निऑनचा उजेड लाल-नारिंगी, आरगॉन आणि पाऱ्याचा निळा. आता एलईडी आली. वीज कमी लागते, दुकानदाराला दोष कसला द्यायचा? पण उतरवलेली पाटी भंगारवाल्याकडे जाते, काच फुटते आणि कारागिराची कला तिथंच संपते.

पोलंडमध्ये वॉर्सा शहरात हेच चाललं होतं. फोटोग्राफर इलोना कार्विन्स्का आणि डेव्हिड हिल यांनी २००५ पासून सरकारी काळातल्या निऑन पाट्या वाचवायला घेतल्या. २०१२ मध्ये त्यांचं संग्रहालय उघडलं. लांब कशाला, मुंबईत बेस्टनेही आणिक आगारात आपला इतिहास जपलाय.

आपल्याकडेही असं एक दालन हवं. दुकानांच्या, थिएटरच्या पाट्या, बंद कारखान्यांचे जुने मीटर आणि स्विचबोर्ड, गणपती मंडपातले फिरते दिवे, सगळं तिथं यावं. आणि पहिली भिंत अक्करपट्टी आणि पोफरणची असावी. ३ आणि ४ नंबरच्या अणुभट्ट्यांसाठी ही गावं उठली. त्यांची गोष्ट नसेल तर ती नुसती रंगीत दिव्यांची जत्रा होईल.

कुणी म्हणेल, आधी गावपाड्यांना नीट वीज द्या, दवाखाने द्या. शंभर टक्के बरोबर, ते मागायलाच हवं. पण एका खोलीमुळे दवाखाना अडत नाही. दवाखाना उशिरा का होईना, बांधता येतो. फुटलेली पाटी परत येत नाही.

नगरपरिषद, एमआयडीसी आणि अणुकेंद्राने मिळून जागा द्यावी. तोवर आपण एवढं करू: जुनी पाटी उतरताना दिसली तर मालकाला विचारा, फोटो काढा, दुकानाचं नाव आणि साल लिहून ठेवा. कमेंटमध्ये टाका. यादी इथूनच सुरू करू.