भंगार म्हणे!

“ताई, हा आता भंगारात द्या, नवाच घ्या.” डोंबिवलीतल्या दुकानदाराने पाच मिनिटांत निकाल दिला. २०१६ साली मुलाच्या बारावीसाठी घेतलेला आमचा कम्प्युटर. मुलगा नोकरीला लागल्यावर तो माझ्या वाट्याला आला. आमच्या बचत गटाचे सगळे हिशेब त्यातच.

बिघाड तसा काहीच नव्हता. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरला चालत नाही, एवढंच. इंडक्शनवर चालत नाही म्हणून चांगली कढई कुणी फेकतं का?

कल्याणची भाची म्हणाली, “मावशी, लिनक्स टाकू या.” १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेली ही ‘ओपन सोर्स’ प्रणाली. म्हणजे पाककृती सगळ्यांसाठी उघडी: करा, सुधारा, शेजारणीला द्या. पैसे पडत नाहीत.

रविवारी बसलो. आधी सगळे हिशेब आणि फोटो दोन ठिकाणी उतरवून घेतले. मैत्रिणींनो, ही पायरी चुकवायची नाही! मग पेन ड्राइव्हवरून ‘लिनक्स मिंट’ सुरू केलं. गंमत म्हणजे, ते कम्प्युटरमध्ये न बसवताही वापरून पाहता येतं. इंटरनेट, प्रिंटर, मराठी टायपिंग, सगळं तपासलं. शेवटी ‘डिस्क पुसायची का?’ असा प्रश्न पडद्यावर आला आणि माझा हात थबकला. गटातल्या बायकांनी पै पै करून साठवलेल्या पैशांचा हिशेब होता तो. भाची म्हणाली, “बटण तूच दाब.” दाबलं.

अर्ध्या-पाऊण तासात काम झालं. लिब्रेऑफिसमध्ये एक्सेलचे तक्ते उघडले. एका तक्त्यातलं मॅक्रोचं बटण मात्र चालेना, तिथे सूत्र नव्याने लिहावं लागलं. म्हणून सांगते, फक्त विंडोजवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा डिजिटल सही तुमच्या कामात असेल, तर आधी चौकशी करा. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्स आणि लिब्रेऑफिसवरचे धडे मराठीतही आहेत, तेही फुकट.

पैसे वाचले, हे खरंच. पण मला दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. इतकी वर्षं या यंत्राचा पासवर्ड मुलाला ठाऊक, बिघाड दुकानदाराला ठाऊक, आणि मी फक्त त्यावरची धूळ पुसणारी. आता त्यात काय आहे, कुठे आहे, ते मला कळतं. गटातल्या आणखी एकीलाही मी शिकवलंय. हिशेब एकीच्याच हाती असू नये.

सिलिंडरचा रेग्युलेटर आपण लावतो, फ्यूज बदलतो. मग या डब्याला कशाला भ्यायचं?