पीडीएफ पाठवू नका, पुस्तिका हातात द्या!



आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलमध्ये शंभर तरी पीडीएफ पडून असतील. गोष्टी, कविता, सराव पत्रिका, वाचनपाठ. एका ग्रुपवर आल्या, आपण दुसऱ्या ग्रुपवर ढकलल्या आणि काम झालं असं समजलो. मीही हेच करत होतो. पण त्या पीडीएफ वाचल्या कोणी? माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी एकच मोबाईल आहे. तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री घरी येतो, तेव्हा मूल झोपलेलं असतं. मग आपण पाठवलेली गोष्ट नेमकी कोणाला पाठवली?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. प्राथमिक शिक्षकाला घरच्या प्रिंटरवर दुमडून होणारी छोटी पुस्तिका काढता आलीच पाहिजे. फळ्यावर वळणदार अक्षर काढण्याइतकंच हे आता आपल्या कामाचं कौशल्य आहे.

मी कुर्डुवाडीत राहतो. आमच्या माढा तालुक्यात साखर कारखाने बरेच. हंगाम सुरू झाला की ऊसतोड कुटुंबं येतात, कोप्या उभ्या राहतात आणि वर्गात चार-पाच नवी मुलं बसतात. कारखान्याचा पट्टा पडला की ती निघून जातात. त्यांच्याबरोबर वर्गाची वाचनपेटी जात नाही, भिंतीवरचे तक्तेही जात नाहीत. पण दोन कागदांची दुमडलेली पुस्तिका दप्तरात जाते. पुढच्या गावात शाळा मिळेपर्यंत त्या लेकराच्या हातात वाचायला काहीतरी असतं, आणि ते त्याचं स्वतःचं असतं.

आता कामाचं बोलू.

ए-फोर कागद मधोमध दुमडला की ए-फाइव्ह आकाराची चार पानं होतात. म्हणून पुस्तिकेची पानं नेहमी चारच्या पटीत हवीत: ८, १२, १६. मजकूर सात पानांचा झाला तर आठव्या पानावर चित्र काढायला रिकामी चौकट द्या. आठ पानांच्या पुस्तिकेला दोन कागद लागतात. पहिल्या कागदाच्या एका बाजूला ८ आणि १, मागे २ आणि ७. दुसऱ्या कागदाच्या एका बाजूला ६ आणि ३, मागे ४ आणि ५. प्रत्येक जोडीची बेरीज बघा, ९ येते. म्हणजे एकूण पानांपेक्षा एक जास्त. १२ पानी पुस्तिकेत ती १३ येईल. हे कोडं चौथीच्या मुलांना कोरे कागद दुमडून, पानांवर आकडे घालून आणि मग उलगडून शोधू द्या. सांगू नका. गणिताचा एक तास सत्कारणी लागतो.

ही जुळणी आपल्याला हाताने करायची नसते. वर्डमध्ये लेआऊट, मार्जिन्स, कस्टम मार्जिन्स असं जाऊन 'मल्टिपल पेजेस'मध्ये 'बुक फोल्ड' निवडायचं आणि कागद ए-फोर ठेवायचा. लिब्रेऑफिस रायटर वापरत असाल (ते मोफत आहे), तर पानाचा आकार ए-फाइव्ह ठेवा आणि प्रिंटच्या खिडकीत 'ब्रोशर' निवडा. पीडीएफ तयार असेल तर अ‍ॅडोबी रीडरच्या प्रिंटमध्ये 'बुकलेट' आहेच.

पण एक चूक जवळजवळ प्रत्येकजण करतो. ए-फोर पानावर १४ आकाराच्या अक्षरात टाईप करायचं आणि मग ते पान लहान करून छापायचं. लहान होताना ती अक्षरं साधारण १० आकाराची होतात. मोठ्या माणसाला ती चालतील, पण दुसरीचं मूल जोडाक्षरापाशी अडकतं आणि आपण म्हणतो, 'याला वाचता येत नाही.' म्हणून आधी पान ए-फाइव्ह करा, मग १८ आकारात टाईप करा. ओळींमध्ये मोकळी जागा सोडा, म्हणजे वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसत नाहीत. आणि युनिकोडमध्येच टाईप करा. जुन्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की नुसता गिचमिडकाला होतो.

माझी फजितीही सांगतो. पहिल्या वेळी मी पंधरा प्रती एकदम छापल्या. पुस्तिका वाटल्या आणि एक मुलगा म्हणाला, "सर, ह्ये उलटं आलंय की!" खरंच, एक पान सुलटं, तर पुढचं डोक्यावर उभं. कारण एवढंच की दोन्ही बाजूंनी छापताना 'फ्लिप ऑन लाँग एज' राहिलं होतं. पुस्तिकेसाठी 'शॉर्ट एज' लागतं. आपल्या घरचा प्रिंटर बहुधा एकाच बाजूने छापणारा असतो. तेव्हा आधी सगळ्या पुढच्या बाजू छापायच्या, मग तेच कागद परत ट्रेमध्ये घालून मागच्या बाजू. कागद कसा घालायचा हे प्रत्येक प्रिंटरचं वेगळं असतं. कोऱ्या कागदावर पेन्सिलने बाण काढून एक प्रत छापून बघा, आणि जमलेली पद्धत प्रिंटरवरच चिठ्ठी लावून लिहून ठेवा. एका प्रतीची खात्री झाल्याशिवाय तीस प्रती काढू नका.

साधा स्टेपलर पुस्तिकेच्या मध्यापर्यंत पोहोचत नाही. तो पूर्ण उघडा, पुस्तिकेखाली जुनी रबरी चप्पल ठेवा, घडीवर दोन पिना मारा आणि मागून त्यांची टोकं दाबून टाका. नाहीतर सुई-दोरा घ्या. घडीवर तीन भोकं पाडून शिवलेली पुस्तिका जास्त टिकते आणि लहान मुलाच्या बोटाला पिनही टोचत नाही.

आता आक्षेपाचं बोलू. आपल्यापैकी बरेच जण म्हणतील, "अशैक्षणिक कामं काय कमी आहेत, त्यात हे नवीन?" तक्रार खोटी नाही. पण हिशोब करा. तीस मुलांना आठ पानी पुस्तिका द्यायची तर साठ कागद लागतात. ५०० कागदांच्या एका रिममध्ये अशा २५० पुस्तिका होतात. रंगीत छपाईची गरज नाही, रंग मुलं भरतील. घडी घालणं आणि शिवणं हीही मुलांचीच कामं, आणि ती त्यांना मनापासून आवडतात. पाचशे प्रती लागल्या तर छापखाना आहेच. तीस प्रतींसाठी घरचा प्रिंटर पुरतो.

दुसरा प्रश्न: छापायचं काय? दुसऱ्याचं पुस्तक उचलून छापू नका, तो लेखकाचा हक्क आहे. साने गुरुजींचं लेखन २०११ पासून स्वामित्व हक्कातून मोकळं झालं आहे, त्यातला उतारा खुशाल घ्या. पण सर्वात चांगला मजकूर आपल्या वर्गातच असतो. मी मुलांना घरी विचारून यायला सांगितलं, 'आजी-आजोबांनी बार्शी लाईटमधून प्रवास केला होता का?' आमच्या कुर्डुवाडीहून १८९७ साली सुरू झालेली ती अडीच फुटी रुळांची गाडी. या पोरांनी ब्रॉडगेजच पाहिलेली. पण घरोघरी आठवणी निघाल्या आणि आठ पानं सहज भरली. ज्या मुलाने वर्षभरात एक परिच्छेद धड वाचला नव्हता, तो आपल्या आजोबांचं पान बोट ठेवून तीन वेळा वाचत बसला. मला त्याला 'वाच' म्हणावं लागलं नाही.

ही काही माझी नवी कल्पना नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२० च्या दशकात वर्गात छोटं छपाई यंत्र आणलं आणि मुलांचंच लेखन मुलांकडून छापून घेतलं. त्यांना एकेक खिळा जुळवावा लागे. आपल्याला फक्त 'बुक फोल्ड'वर क्लिक करायचं आहे. मग आपण कशाची वाट बघतोय?

या शनिवारी एक काम करा. वर्गातल्या आठ मुलांची प्रत्येकी पाच वाक्यं घ्या, टाईप करा, दोन कागदांवर छापा आणि दुमडा. पहिल्या पानावर गोष्टीच्या नावाखाली त्या मुलांची नावं टाका. सोमवारी पुस्तिका हातात दिल्यावर पोरं आधी काय शोधतात ते बघा. स्वतःचं नाव! आणि नाव सापडलं की पुढचं वाचायला त्यांना आपली गरज लागत नाही.