वागळे आमच्या भालकीत आले होते तेव्हा

गेल्या महिन्यात लेक सुट्टीला घरी आली आणि पावसानं दोन दिवस लाईट जाऊन येऊन होती. मोबाईलवर तिनं ‘वागळे की दुनिया’चे जुने भाग लावले. नवे नव्हेत बरं का, २०२१ साली सुमीत राघवनला घेऊन आलेले ते वेगळे. हे मूळचे, १९८८चे. अंजन श्रीवास्तव श्रीनिवास वागळे आणि भारती आचरेकर राधिका. दोन भाग होईतो ती गप्प होती. मग म्हणाली, "मम्मी, हे लोक मराठी आहेत ना? मग घरात हिंदी का बोलतात?"

मी हसले. कारण हा प्रश्न ती मला हिंदीत विचारत होती.

आमच्या पिढीच्या सीमाभागातल्या मुलांना मराठी मालिका टीव्हीवर फारशा मिळाल्याच नाहीत. मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ गाजले. दिलीप प्रभावळकर, बाळ कर्वे ही नावं पुण्यामुंबईच्या पाहुण्यांकडून कानावर यायची, पण भालकीत ते दिसायचे कुठून? आम्हाला चिमणराव भेटले ते चिं. वि. जोशींच्या फाटक्या पुस्तकातून. टीव्हीवर मिळालं ते दिल्लीचं राष्ट्रीय प्रसारण, तेही छपरावर एक जण अँटेना फिरवतोय आणि खाली दुसरा ओरडतोय, "आलं! आलं! गेलं!" असं. शटरचा कृष्णधवल टीव्ही, समोर सतरंजी, आणि गल्लीतले निम्मे लोक. अशा खोलीत एक दिवस चक्क वागळे आले. आपल्या आडनावाचा माणूस, सगळ्या देशासमोर!

आता गंमत बघा. वागळे जन्माला घातले आर. के. लक्ष्मण यांनी. म्हणजे म्हैसूरचा तमिळभाषी माणूस, आपल्याच कर्नाटकातला. दिग्दर्शक कुंदन शाह. निर्मिती दुर्गा खोट्यांच्या संस्थेची. वागळे झालेले श्रीवास्तव कलकत्त्याकडचे, आणि राधिका मात्र आपल्या माणिक वर्मांची लेक. एवढ्या सगळ्यांनी मिळून एक मराठी घर उभं केलं आणि ते हिंदीत बोललं. भालकीच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडं घरात मराठी, बाजारात कन्नड, स्टँडवर दखनी आणि शाळेत इंग्रजी, हे एका दिवसात होतं.

लेकीला मी ब्रिटनचीही एक मालिका सांगितली. बीबीसीची ‘टिल डेथ अस डू पार्ट’, १९६५ पासून १९७५ पर्यंत मधूनमधून चाललेली. लेखक जॉनी स्पाइट. त्यातला आल्फ गार्नेट लंडनच्या गोदीत काम करणारा, आणि घरात बसून परदेशातून आलेल्यांना, तरुणांना, बायकोला शिव्या घालणारा. लेखकाचा हेतू त्याची टर उडवायचा होता. पण त्याला ‘खरं बोलतो गडी’ म्हणून डोक्यावर घेणारेही निघाले. गार्नेट झालेला वॉरन मिचेल स्वतः ज्यू होता, हे विशेष. पुढं अमेरिकेनं याच धर्तीवर ‘ऑल इन द फॅमिली’ केली. बीबीसीनं त्या काळी टेपा पुसून पुन्हा वापरल्या, त्यामुळं गार्नेटचे कितीतरी भाग आज उरलेलेच नाहीत.

आल्फ बाहेर ज्याला कुणी विचारत नाही असा माणूस, म्हणून घरात ओरडतो. वागळे ओरडत नाहीत. ऑफिसात, महागाईपुढं, शेजाऱ्यांपुढं ते गिळतात, आणि घरी येऊन राधिकेला थोडं सांगतात, थोडं लपवतात. (शाहरुख खान नाव कुणाला माहीत नसताना एका भागात गाडीनं वागळ्यांना धडक देतो. तिथंही वागळेच अवघडतात!) काही विनोद आज शिळे वाटतात. बायकोच्या खर्चावरचे तर लेकीनं भुवया उंचावूनच पाहिले, आणि तिचं बरोबर होतं.

पण मला आठवत होते अण्णा. आमचे अण्णा शिकले निजामाच्या राज्यात, उर्दू आणि मराठीत. १९५६ला भाषावार प्रांत झाले, बीदर म्हैसूर राज्यात गेलं, आणि हळूहळू कचेरीचं काम कन्नडमध्ये आलं. अण्णा कन्नड बोलायचे झकास. लिहायला बसले की मात्र घाम फुटायचा. टिपण घरी आणून शेजारच्या मास्तरांकडून तपासून घ्यायचे, आणि आम्हाला सांगायचे, "जरा गप्पा मारून येतो." आम्हाला ते खरंच वाटायचं.

एका संध्याकाळी वागळ्यांना साहेब बोलत होता आणि सगळी खोली हसत होती. मीही. मागं वळून पाहिलं तर अण्णा उठून अंगणात गेलेले. त्या दिवशी दुपारी एका चुकलेल्या जोडाक्षरावरून साहेबानं त्यांना चार लोकांत झापलं होतं, हे आईनं मला सांगितलं ते अण्णा गेल्यावर. तोवर वीस वर्षं उलटली होती.

हे ऐकून लेकीनं मोबाईल बाजूला ठेवला. "आज्जीला माहीत होतं? मग ती त्यांच्या मागं अंगणात गेली का?"

मला ठाऊक नव्हतं. आई आता ऐंशीच्या पुढची, ऐकू कमी येतं. तरी आम्ही दोघी तिच्या खाटेशी गेलो. लेकीनं प्रश्न मराठीत जुळवला, दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा जमला. आई बराच वेळ छताकडं बघत राहिली.

"मी कशाला जाऊ? मग लोकांना कळलं असतं की," ती म्हणाली. "मी टीव्ही बंद केला. म्हणलं, लाईट गेली."