सेटिंग आणि रनिंग

'सीएनसी सेटर पाहिजे' ही जाहिरात कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कुणाला उलगडून सांगावी लागत नाही. टूल जुळवून, मशीन लावून पहिला नग मापात काढून देतो तो सेटर. पुढचे नग ऑपरेटर काढतो. हाच 'सेट' सराफांच्या गुजरीत गेला की हार आणि कानातल्यांचा होतो. मोरेवाडीच्या चित्रनगरीत त्याचा वाडा उभा राहतो, तर जिममध्ये तो मोजून मारायचा असतो. पोरगं पुण्यात 'सेट झालं' म्हणजे नोकरी लागली, घराचंही बघितलं. आणि कुठं 'सेटिंग आहे' असं कुणी म्हटलं, की पुढचं बोलणं हळू आवाजात!

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ होते. तिसऱ्या आवृत्तीच्या कामात 'रन'नं त्याला मागं टाकलं. या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. संपादक पीटर गिलिव्हर यांना ते लावायला नऊ महिने लागले.

कोल्हापुरात मात्र 'रन'ची मजल फार नाही. क्रिकेटची रन, भरतीच्या पोरांचं पहाटेचं रनिंग, सुताराचा रनिंग फूट, जुन्या गाडीची रनिंग कंडिशन आणि उजळाईवाडीचा रनवे. बोलण्यातली यादी इथंच आटोपत येते.

असं का? इंग्रजीत इंजिन, दुकान, घड्याळ, नाटकाचे प्रयोग सगळेच धावतात. मराठीत ते चालतात. उद्यमनगरात ऑईल इंजिनं तयार होऊ लागली तेव्हा 'इंजिन चालतंय' हे म्हणायला नवा शब्द लागलाच नाही. नाकही इंग्रजीत धावतं, मराठीत वाहतं. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत धावतो, आपला उभा राहतो.

'सेट'ची कामंही मराठीत होतीच, पण ती वाटून दिलेली. गजर लावायचा, हिरा बसवायचा, ताट मांडायचं, दही लागायचं, सूर्य मावळायचा. नीट जुळवून पक्कं करणं आणि जुळून पक्कं होणं, या दोन्हींना पुरेल असा एकच सुटसुटीत शब्द हाताशी नव्हता. ती जागा 'सेट'नं धरली. म्हणून सिमेंट, मशीन आणि पोरगं तिन्ही सेट होतात.

फाउंड्रीत, गुऱ्हाळावर किंवा चपलेच्या कामात याहून वेगळा 'सेट' बोलला जात असेल, तर वाचकांनी जरूर कळवावा.